पाच मार्कांची निवड

पस्तीसला पास होतात आणि सुनेला पडले होते बत्तीस. बारावीचे बाकीचे विषय सुटले, जीवशास्त्र तेवढं राहिलं, आणि तेही मेंढरांपायी. मेंढरांमागे हिंडून बिचारीला अभ्यासाला वेळ मिळाला नाही, असं गावाने परस्पर ठरवून टाकलं. खरी गोष्ट उलटी होती. मेंढरांविषयी तिला नको इतकं माहीत होतं, तेच नडलं.

पेपरात प्रश्न होता : 'नैसर्गिक निवड म्हणजे काय ते उदाहरणासह स्पष्ट करा. गुण ५.' तो वाचून तिला त्या तीन तासांत पहिल्यांदा हसू आलं. या घरात 'नैसर्गिक' या शब्दाला एकच अर्थ होता. जनावरांच्या दवाखान्यातला माणूस वर्षातून एकदा वही घेऊन यायचा आणि विचारायचा, "यंदा कृत्रिम करायचं की नैसर्गिक?" कृत्रिम म्हणजे दवाखान्याच्या नळीतलं रेतन. नैसर्गिक म्हणजे आपला मेंढा, आपल्या कळपातला. सासरा छाती पुढे काढून सांगायचा, "नैसर्गिक!" आणि पैदाशीसाठी कुठलं नर कोकरू ठेवायचं, ते दरवर्षी तो स्वतः ठरवायचा. घरात त्याला निवड म्हणत. मग नैसर्गिक निवड म्हणजे दुसरं काय असणार? तिने दीड पान भरलं. दात कसे बघायचे, खूर कसे दाबायचे, पाठीवर तळहात ठेवून रुंदी कशी मापायची, सगळं. पाचापैकी शून्य मिळालं.

"हे तू लिहिलंस?" शाळेतल्या मास्तरीणबाईंनी नंतर कपाळाला हात लावून विचारलं होतं. "अगं, पेपर तपासणाऱ्याला वाटलं असेल, मेंढ्यांच्या बाजाराची जाहिरात आहे."

आता फेरपरीक्षेला बावीस दिवस उरले होते. पशुवैद्यकीय सहायकाचा दोन वर्षांचा कोर्स तिला करायचा होता आणि तिथे तीस वर्षांपर्यंतच घेत. ती एकोणतीस पूर्ण करून बसली होती. म्हणजे यंदा सुटलं तर सुटलं. हे खूळ डोक्यात कुठून आलं, असं लोक विचारत. खूळ मागच्या वर्षी आलं होतं. अडलेली मेंढी खांद्यावर टाकून ती दवाखान्यापर्यंत चालत गेली, तर दाराला कुलूप. एका डॉक्टरला चाळीस गावं. मेंढी तिच्या खांद्यावरच गार झाली. डोळ्यांदेखत जनावर मरताना बघत बसायचं आणि मग नशिबावर ढकलायचं, याचा तिला त्या दिवसापासून वीट आला होता.

गावाने तिचं नाव 'कॉलेज' ठेवलं होतं. पाणवठ्यावर कोणी ना कोणी विचारायचंच, "काय कॉलेज, आज कुठला तास?"

"तुझ्या डोक्याचा," ती म्हणायची. "पण ते गैरहजर आहे."

सासऱ्याने मात्र थट्टा केली नव्हती, अट घातली होती. "ही शेवटची. सुटलीस तर जा. नाही सुटलीस तर पुस्तकं गुंडाळून माळ्यावर टाकायची आणि कळप बघायचा. माझा गुडघा आता ऐकत नाही."

नवरा ट्रकवर. महिन्यातून दोन दिवस घरी, त्यातला एक झोपण्यात. त्याने फोनवर सांगितलं, "तुला झेपेल तसं कर." झेपतं का हे विचारायला मात्र तो विसरला.

कोकरांचे दिवस होते. साठ मेंढ्यांतल्या निम्म्या व्यालेल्या, बाकीच्या आज-उद्या करत होत्या. अशा वेळी कळपामागे दोन माणसं लागतात. एक पुढे राहतो, दुसरा वाटेत जन्मलेली कोकरं उचलतो. सासरा पुढे असायचा, सून मागे. उत्क्रांतीचा धडा तिने पुस्तकातून सोडवून प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता आणि ती पिशवी पदराखाली कमरेला खोचली होती. दोन्ही काखांत दोन ओली कोकरं, बोटं वाऱ्याने उललेली, पान उलटायचं तर दाताने उलटावं लागे. म्हणून ती एकच पान घ्यायची आणि दिवसभर तेच घोकायची.

"मोठ्याने म्हण," सासरा एका दुपारी म्हणाला. बांधाच्या आडोशाला दोघं बसली होती. "नुसती पुटपुटतेस, मला वाटतं शिव्या देतेस की काय."

"लामार्क म्हणून एक शास्त्रज्ञ होता, मामा. तो म्हणायचा, जो अवयव वापरला तो वाढतो, नाही वापरला तो झिजतो. आणि ही वाढ पोराबाळांत उतरते. जिराफाची मान आखूड होती. उंच झाडाचा पाला खायला तो मान ताणत राहिला. मान थोडी लांबली. त्याच्या पोराची जन्मतःच थोडी लांब, त्याच्या पोराची आणखी लांब."

सासऱ्याने काठीवर हनुवटी टेकली. "बरोबर बोलतो हा माणूस. माझा बाप चालून चालून मेला, म्हणून माझ्या पोटऱ्या अशा. माझ्या चालण्यामुळे तुझ्या नवऱ्याच्या."

"ते तर दिवसभर बसून असतात ट्रकमध्ये."

"म्हणून तर त्याचं पोट सुटलंय. बघ, इथेही बरोबर आला."

सुनेलाही तो माणूस पटला होता. कष्ट केले की ते वाया जात नाहीत, पोरांच्या अंगात उतरतात, हे ऐकायला फार बरं वाटतं. पण पुढच्या ओळीत पुस्तक म्हणत होतं की हा सिद्धांत पुढे टिकला नाही. का टिकला नाही, ते तीन ओळींत होतं आणि तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

ते शिरलं दोन दिवसांनी, कान कापताना. कळपाची खूण म्हणून प्रत्येक कोकराच्या डाव्या कानाला खाच पाडायची, ही या घराची जुनी रीत. मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळली तर कान बघून ओळखायची. सून कोकरू मांडीत दाबून धरायची, सासरा चाकूने कानाचा तुकडा उडवायचा आणि राख लावायचा. विसावं की एकविसावं कोकरू असेल. तिने त्याचा कोवळा, पातळ, अखंड कान बोटात धरला आणि ती तशीच थांबली.

"धर की नीट."

"मामा, आपण किती पिढ्या हे कान कापतोय?"

"माझ्या आजोबाच्या आधीपासून. का?"

"इतक्या वर्षांत एखादं कोकरू खाच घेऊनच जन्माला आलं?"

"आलं असतं तर माझी कटकट वाचली नसती का?" सासरा हसला. मग चाकू तसाच हातात धरून त्याने समोरच्या कोकराकडे पाहिलं, मागे बांधलेल्या त्याच्या आईच्या कापलेल्या कानाकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. "म्हणजे तुझा तो लामार्क..."

"आपल्या मेंढरांनीच पाडला."

"आणि माझ्या पोटऱ्या?"

"तुमच्या तुमच्यापाशी."

सासऱ्याला ते आवडलं नाही. उरलेले कान त्याने भराभर कापले. सुनेच्या अंगात मात्र त्या दिवशी वेगळंच बळ आलं. पुस्तकातल्या तीन ओळी तिने पुन्हा वाचल्या, आणि आता त्या तिच्याच होत्या.

निवड मात्र अडून राहिली होती. रविवारी मास्तरीणबाई तासभर द्यायच्या. त्यांच्या घरी जाताना ती हातपाय घासून धुवायची, लुगडं बदलायची, तरी ती आली की मास्तरीणबाई उठून खिडकी उघडत. उघडताना म्हणत, "फार कोंदटलंय नाही?" ती हो म्हणायची. मेंढरांचा वास आपल्याला येत नाही, दुसऱ्याच्या नाकाला येतो, हे तिला माहीत होतं.

"नैसर्गिक निवडीत निवडणारा कोणी नसतो," मास्तरीणबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"मग निवडतं कोण?"

"निसर्ग."

"म्हणजे निवडणारा आहे."

"नाही गं! निसर्ग म्हणजे काय माणूस आहे? थंडी, दुष्काळ, रोग, शत्रू. त्यात जे तगतात त्यांचीच पिल्लं पुढे होतात. बस."

"पण निवड म्हटली की हात लागतो, बाई. नजर लागते. आमचे मामा दोन दोन दिवस एकेका कोकराकडे बघत बसतात."

मास्तरीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "हे बघ. चार ओळींची व्याख्या आहे. पाठ कर, उतरवून ये, पाच मार्क घे. तुझी मेंढरं परीक्षेला बसलेली नाहीत. पुस्तकाबाहेरचं एक अक्षर लिहू नकोस."

तिने व्याख्या पाठ केली. पण पटलं नाही ते तिच्या डोक्यात राहत नसे. सकाळी म्हणायची, दुपारी दुसरी ओळ गायब. काय करावं कळेना, आणि दिवस तर भराभर जात होते.

त्या वर्षीच्या निवडीत सासऱ्याने एक पांढरं नर कोकरू पसंत केलं होतं. भरलेलं अंग, रुंद पाठ, आखूड, मऊ, दाट लोकर. चाळीस वर्षं तो अशीच लोकर निवडत आला होता, कारण घेणाऱ्यांना तीच आवडायची. तरी निम्मी कोकरं आईवर जाऊन राठ केसांचीच निपजायची. त्या कोकराला तो स्वतःच्या हाताने बाटली पाजायचा. 'राजा' म्हणायचा. एका बुटक्या म्हाताऱ्या मेंढीला दोन कोकरं झाली होती, लांब राठ केसांची, नुसती हाडं. ती बघून त्याने तोंड वाकडं केलं होतं. "ही बाजाराला. ही कसली मेंढरं, ही तर केरसुणी."

परीक्षेला पाच दिवस असताना आभाळ उतरलं. अवेळी, भर थंडीत पाऊस, आणि तोही वाऱ्याबरोबर आडवा. चार दिवस थांबला नाही. कुंपणाच्या आत चिखल झाला. घरातली पोती, गोधड्या, सासऱ्याचं जुनं कांबळं, सगळं कोकरांवर गेलं. सासू चुलीपाशी विटा तापवायची, सून त्या फडक्यात गुंडाळून कोकरांच्या पोटाशी ठेवायची, सासरा गारठलेल्या कोकरांची अंगं चोळायचा. चोळून चोळून त्याच्या तळहाताची सालं निघाली. कोकरांच्या छात्या भरल्या, ती खोकायची तेव्हा म्हाताऱ्या माणसासारखा आवाज यायचा. सुनेने दवाखान्यात सात वेळा फोन लावला. सातव्यांदा कोणीतरी उचलला आणि सांगितलं, इकडचा रस्ता खचलाय, साहेब येऊ शकत नाहीत.

पाचव्या सकाळी पाऊस थांबला. अकरा कोकरं मेली होती. सून एकेक उचलून भिंतीशी ओळीने ठेवत होती. राजा तिसरा. त्याची मऊ लोकर पाण्याने अंगाला चिकटून, बोटाने दाबली तर कातडीपर्यंत ओली लागत होती. सासरा त्याच्याजवळ बसला, त्याने त्याचा कान सरळ केला, आणि उठून मागे निघून गेला.

मग तिने जिवंत होती ती बघितली. बुटकीची दोन्ही केरसुणी कोकरं आईला ढुशा देत होती. तिने एकाच्या केसांत बोटं घातली. वरचे राठ केस ओले, खाली कातडी कोरडी आणि ऊन. दुसऱ्याची तशीच. तिने जगलेलं प्रत्येक कोकरू धरून बघितलं. सगळीच राठ केसांची नव्हती, दोन-चार मऊ लोकरीचीही जगली होती. पण भिंतीशी ठेवलेल्या अकरांत राठ केसांचं एकच होतं.

सासू उंबऱ्यावर सूप घेऊन बसली होती. चार दिवस घरात काही शिजलं नव्हतं धड, आता ती धान्य निवडायला बसली होती. "थंडी पडली म्हणून केस वाढले असतील त्यांचे," ती म्हणाली.

"चार दिवसांत कुठले वाढतात, आत्याबाई? जन्मले तेव्हापासून तसेच होते. म्हणून तर मामा केरसुणी म्हणाले." बोलता बोलता तिची नजर सुपावर गेली. "तुम्ही काय करताय?"

"दिसत नाही? निवडतेय."

"चांगले दाणे निवडताय?"

"चांगले दाणे एकेक निवडत बसले तर जेवशील कधी? खडे काढतेय. किडके काढतेय. राहिलं ते राहिलं, त्याला मी हातसुद्धा लावत नाही."

सून सुपाकडे बघत राहिली. सासरा ज्याला निवड म्हणायचा ती वेगळी, आणि ही वेगळी. इतकी वर्षं रोज सकाळी ती स्वतः ही दुसरी निवड करत होती आणि पेपरात पहिली लिहून आली होती. इथे निदान सासूचा हात होता. बाहेर तर हातही नव्हता. पावसाने कुठलं कोकरू पाहिलं नाही, पसंत केलं नाही, नापसंत केलं नाही. तो नुसता पडला. ज्यांच्या अंगावर आधीपासून राठ केस होते ती जास्त राहिली, आणि आता पुढची कोकरं त्यांचीच होणार. चार ओळींची ती व्याख्या तिच्या डोक्यात पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत सरळ उभी राहिली.

तिला आनंद झाला. खरा, छाती भरून आनंद झाला. आणि समोर अकरा कोकरं पडलेली असताना आपल्याला आनंद होतोय, याची तिला इतकी लाज वाटली की ती तोंड फिरवून कुदळ आणायला गेली. अकरा खड्डे एकटीने खणले. चिखलात कुदळ रुतायची, पाय घसरायचे. खणताना ती व्याख्या म्हणत होती आणि रडतही होती.

परीक्षेच्या सकाळी सासऱ्याचा गुडघा टम्म सुजला होता. मेंढरं पाच दिवस कोंडलेली, भुकेने कुंपण खायला लागली होती. ती नेणं भाग होतं.

"आज नाही गेलीस तर काय बिघडेल?" तो खाटेवरून म्हणाला. राजा गेल्यापासून तो कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नव्हता.

"मी बिघडेन, मामा."

"आणि साठ मेंढ्या?"

बस सुटायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात सासूने पदर कमरेला खोचला आणि कोपऱ्यातली काठी उचलली. दहा वर्षांत ती कळपामागे गेली नव्हती.

"तुला झेपायचं नाही," सासरा म्हणाला.

"तुम्ही कोकरं राखा," सासू म्हणाली. "आणि तू काय उभी राहिलीस? पळ."

ती पळाली. बस वळणावर गाठली. परीक्षेच्या इमारतीच्या दारात पर्यवेक्षकाने तिला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." तिने हॉलतिकीट पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मागच्या पोरी खुसखुसल्या. वर्गात तिच्या शेजारच्या मुलीने नाकाला रुमाल लावला आणि बाक दोन वीत पलीकडे सरकवला. सरकव बाई, ती मनात म्हणाली, मला लिहायला जागा हवीच आहे.

दुसऱ्या पानावर प्रश्न होता : 'नैसर्गिक निवडीचा सिद्धांत उदाहरणासह स्पष्ट करा आणि तो लामार्कच्या मतापेक्षा वेगळा कसा ते लिहा. गुण ८.'

तिने व्याख्या उतरवली, एक काना-मात्रा न चुकता. मग पेन थांबलं. पुस्तकात जिराफ होता. तोच उतरवून यायचा होता, मास्तरीणबाईंनी तशी ताकीदच दिली होती. तिने 'जिराफाची मान' एवढं लिहिलंही. पण जिराफ तिने जन्मात पाहिला नव्हता, आणि अकरा कोकरं स्वतःच्या हाताने पुरली होती. गेल्या वेळी मेंढरांनीच बुडवलं होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने जिराफावर सरळ रेघ मारली. कापलेल्या कानांविषयी लिहिलं. पाऊस लिहिला, लोकर लिहिली, राठ केसांतलंही एक मेलं आणि मऊ लोकरीतलीही दोन-चार जगली तेही लिहिलं, कारण ते खरं होतं. शेवटी लिहिलं, 'निवडणारा कोणी नव्हता.' आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

निकाल महिन्याने लागला. चोपन्न. मास्तरीणबाईंनी शाळेच्या दारातून ओरडून सांगितलं आणि पाणवठ्यावरून येणाऱ्या बायांनी ऐकलं. त्या दिवशी मात्र कोणी 'काय कॉलेज' म्हणालं नाही.

सासरा कुंपणाची काटेरी फांदी नीट बसवत होता. "पास झालीस म्हणे."

"हो, मामा."

"मग जाणार."

"जाणार. सोमवारी."

त्याने फांदी खाली दाबली. "त्या पेपरात... माझं कोकरू का मेलं ते विचारलं होतं?"

"तसं नाही विचारलं. पण मी लिहिलं."

"काय लिहिलंस?"

तिला वाटलं, म्हाताऱ्याला काहीतरी बरं वाटेल असं सांगावं. नशीब होतं, पाऊसच तसा होता. पण याच बोलण्याचा तर तिला वीट आला होता.

"आखूड लोकरीची जास्त गेली, मामा. पाणी कातडीपर्यंत गेलं. राठ केसांची त्यामानाने राहिली."

"चाळीस वर्षं आखूड लोकर मीच निवडतोय."

"हो."

"म्हणजे मीच मारली."

"पाऊस येणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. लोकरीचं कोणालाच माहीत नव्हतं. मलासुद्धा ती मेल्यावर कळलं."

सासऱ्याने फांदीवरचा एक काटा मोडून टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. मग पहिल्यांदाच, इतक्या दिवसांनी, त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

"जा," तो म्हणाला. "दोन वर्षं मेंढरं आम्ही दोघं हिंडवतो. पण परत आलीस की मेल्यावर सांगायचं नाही. आधी सांगायचं."

"आधी सांगेन," ती म्हणाली.